कातड्याची आतली बाजू

कटरबाईच्या हाताला रापी लागली, याचं कारखान्यात कुणालाच काही वाटलं नाही. तिला स्वतःला तर मुळीच नाही. कारखाना म्हणायचं एवढंच. दोन खोल्या, एक माळा, चार शिलाई मशीन आणि खिडकीपाशी तिचं कापायचं टेबल. तिथं कातड्याच्या पिशव्या आणि पट्टे बनत. रापी, म्हणजे कातडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार, इतकी धारदार ठेवायची की बोटाला लागली तरी आधी रक्त दिसावं आणि मग कळावं, ही त्या टेबलाची शिस्त होती. शिस्त तिनंच लावलेली.

रक्त आलं की काय करायचं, याचीही एक रीत होती. कातडं चिकटवायचं सोल्यूशन असतं ना, डब्यातला तो पिवळा चिकट गोंद, त्याचा एक थेंब जखमेवर टाकायचा, कडा चिमटीत धरायच्या, दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा कामाला लागायचं. कुणी पट्टी बांधून आला तर दिवसभर त्याची खैर नसे. "साहेबांना पाणी द्या रे, साहेब आजारी आहेत," असं कटरबाई स्वतः ओरडायची. तिच्या दोन्ही हातांवर मिळून अशा चिकटवलेल्या जखमांच्या अकरा पांढऱ्या रेघा होत्या आणि त्या ती पदकांसारख्या मिरवायची. खोटं कशाला बोला, मूर्खपणाच होता तो. पण चौतीस वर्षं काही बिघडलं नाही, तेव्हा त्याला मूर्खपणा म्हणायची कुणाची छाती होती?

बारावी जखम सोमवारी झाली. टेबलावरून रापी घसरली आणि तिनं ती हवेतच झेलली. पडणारं हत्यार झेलू नये, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीच शिकवायची. उजव्या तळहाताला, अंगठ्याच्या मुळाशी, बोटाच्या पेराएवढी चीर पडली. थेंब, चिमूट, दहा आकडे. झालं.

तिला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार होता, ही गोष्ट ती जखमेशी जोडायला तयारच नसायची. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाही आठवल्या तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या, हा तिचा हिशेब. जखमांना जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "साखर माझी आहे, मी बघून घेईन," असं म्हणून ती तिथून उठली होती.

मंगळवारी तळहात ठणकायला लागला. तिनं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या, दर चार तासांनी एक घेतली आणि संध्याकाळपर्यंत साठ पिशव्यांचे तुकडे कापले. गोळ्यांनी दुखणं झाकलं, आत चाललं होतं ते चालूच राहिलं. बुधवारी सकाळी अंगात ताप होता, पोटात ढवळत होतं आणि उजवा हात मनगटापर्यंत फुगला होता. दिसायला मात्र विशेष काही नव्हतं. कातडी जरा लालसर, जरा ताणलेली, चकचकीत. पण दुखणं असं, की बाहीचं कापड घासलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. अकरा जखमा हसत पचवलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून तिचा धाकटा भाऊ, जो कारखान्याचा मालक होता आणि तिला घाबरून असायचा, पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "ताई, चल! एक शब्द बोलू नकोस!"

ती चक्क बोलली नाही. स्कूटरवर मागे बसली.

मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. डोळे तांबारलेले, गळ्यात तपासायची नळी, टेबलावर थंड झालेला चहा. त्याच्यासमोर माणसांची रांग दारापर्यंत गेली होती. त्यानं हात पाहिला, हलकेच दाबला आणि कागदावर लिहायला सुरुवात केली.

"कातडीत संसर्ग झालाय. गोळ्या लिहून देतो. हात उंच ठेवा. परवा दाखवा."

"दुखतंय किती, ते विचारलं नाहीत," कटरबाई म्हणाली.

"दुखणारच ना, आजी."

"आजी घरी. इथं मी पेशंट आहे. नीट ऐका. मला अकरा वेळा रापी लागलीय. एकदा तर पार हाडाला. मला दुखणं कळतं. हे जेवढं दिसतंय त्याच्या दसपट दुखतंय. दिसतंय ते आणि दुखतंय ते, यांचा मेळ बसत नाही."

डॉक्टरानं सुस्कारा सोडला. वाईट माणूस नव्हता तो. सकाळपासून सत्तावीस जणांनी त्याला आपलं दुखणं सगळ्यात वेगळं असल्याचं सांगितलं होतं. "गोळ्या घ्या, उतार पडेल. पुढचे कोण?"

"मी इथून हलत नाही," कटरबाई म्हणाली. "बाहेरच्या बाकावर बसते. हाकलायचं असेल तर माणसं बोलवा. दोन पाठवा, एकानं काम होणार नाही."

धाकट्यानं कपाळावर हात मारून घेतला. ती बाकावर जाऊन बसली आणि तिनं एप्रनच्या खिशातून रुपेरी पेन काढलं. काळ्या कातड्यावर साधी शाई दिसत नाही, म्हणून कापायची रेघ या पेनानं मारतात. तिनं डाव्या हातानं, जमेल तशी, लाली जिथं संपत होती तिथं एक रेघ मनगटाभोवती ओढली. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि रेघेशेजारी आकडे लिहिले. दहा दहा.

"हे काय?" धाकटा म्हणाला.

"माप," ती म्हणाली.

मग ती बसून राहिली आणि तिला भीती वाटली. बापाबरोबर ती लहानपणी कच्ची कातडी खारवायच्या शेडमध्ये जायची. तिथं शिकलेली एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. मीठ कमी पडलं की कातडं वरून सडत नाही. वरून ते दोन दिवस छान ठणठणीत दिसतं, केससुद्धा जागच्या जागी असतात. सडतं ते आतल्या बाजूनं, जिथं मांस चिकटलेलं असतं तिथून. बाप कातडं उलटं करायचा, कडेला बोट घालायचा, आणि खराब असेल तर बोट सरळ आत जायचं, थर सुटत जायचे. वरची बाजू बघून माल घेणाऱ्याला तो मूर्ख म्हणायचा. आणि आता तिला वाटत होतं, आपला हात वरून ठणठणीत आहे आणि आतून सुटत चालला आहे. हा हात गेला तर आपण काय आहोत, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो विचार तिथंच दाबला.

दहा चाळीसला लाली रेघेच्या पुढं एक बोट गेली होती. तिनं दुसरी रेघ मारली. अकरा दहाला त्या रेघेच्याही पुढं दोन बोटं; तिनं तिसरी मारली. तळहातावर चिरेभोवती आता जांभळट डाग उमटला होता आणि त्यात एक पाण्याचा फोड. तिनं धीर करून त्या डागावर नख टोचलं. काहीच वाटलं नाही. मघापासून जिथं हवा लागली तरी जीव जात होता, तिथं काहीच नाही.

ती उठली, रांग मोडून आत गेली. एक म्हातारा "अहो बाई, रांग!" म्हणाला, त्याला ती "मारा मला नंतर," म्हणाली. डॉक्टरापुढे तिनं हात ठेवला.

"ही रेघ दहा दहाची. ही दहा चाळीसची. ही आत्ताची. तासाभरात तीन बोटं. आणि इथं दुखायचं थांबलंय. थांबलंय म्हणजे बरं झालं असं म्हणू नका. तिथलं मेलंय ते."

डॉक्टरानं रेघा पाहिल्या. मग त्यानं डागाशेजारी बोटं ठेवून दाबलं. सूज मऊ नव्हती, लाकडासारखी कडक होती, लालीच्याही पुढपर्यंत. त्याचा चेहरा उतरला. "साखर आहे तुम्हाला?"

"नऊ वर्षं."

"आणि दुखायच्या गोळ्या?"

"कालपासून आठ."

तो जागेवरून उठला, तेव्हा चहाचा कप सांडला. त्यानं फोन उचलला आणि त्या तरुण माणसाचं एक मानायला हवं, त्यानं फोनवर आधी हेच सांगितलं, "मॅडम, मी सकाळी यांना घरी पाठवत होतो. चूक झाली. लवकर या."

पुढचं सगळं भराभर झालं. दोन्ही बाजूंनी सुया, सलाइन, तीन प्रकारची प्रतिजैविकं एकदम. साखर चारशेच्या वर. रक्तदाब खाली. रक्ताचे आकडे आले ते सगळेच वाईट. सर्जनबाई आल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चालताना बूट वाजणाऱ्या.

"आधी स्कॅन करून घेऊ या का?" तरुण डॉक्टरानं विचारलं.

"स्कॅनला तास जाईल. तेवढ्यात हिच्या अंगावर अजून तीन रेघा येतील," सर्जनबाई म्हणाल्या. "जागा बधिर करा. मी बोट घालून बघते."

कटरबाईनं मान वळवली नाही. मनगटाच्या वर दोन बोटांची चीर पडली. रक्त आलंच नाही. आलं ते मळकट पाणी, भांडी विसळल्यावर राहतं तसं. सर्जनबाईंनी चिरेत बोट घातलं आणि ते अडलं नाही. कातडी आणि मांस यांच्यामधून, पिशवीच्या अस्तरात हात जावा तसं, सरळ कोपराच्या दिशेनं गेलं.

"सुटलंय," कटरबाई म्हणाली.

सर्जनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हो. सुटलंय. कशावरून कळलं तुम्हाला?"

"चौतीस वर्षं कातडी कापतेय. त्याआधी बापाच्या हाताखाली कच्ची खारवली. आतून सुटलं की औषध नसतं. कापावं लागतं."

"औषध देतोय आम्ही. पण तुम्ही म्हणता ते खरं, मेलेल्या मांसात रक्तच पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? आत्ताच्या आत्ता कापावं लागेल."

"कापा. एकच सांगते. रक्त येईल तिथपर्यंत कापा. अंगचोरपणा करू नका. आणि रक्त आलं की थांबा."

"आमच्या पुस्तकात हेच आहे," सर्जनबाई म्हणाल्या, "पण इतक्या थोडक्यात नाही."

गुरुवारी सकाळी कटरबाईला जाग आली तेव्हा ती काचेच्या खोलीत होती. नाकात नळी, छातीवर तारा, आणि उजवा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळून उंच ठेवलेला. घसा कोरडा पडला होता. पलंगाच्या पायथ्याशी सर्जनबाई आणि धाकटा हळू आवाजात बोलत होते. रुग्ण झोपलाय असं समजून माणसं जे बोलतात ते नेहमी खरं असतं, म्हणून ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"काल कोपरापर्यंत उघडून साफ केलं. आज पुन्हा बघितलं. बाहू ठीक आहे. पण पंजातलं रक्त बंद पडलंय. बोटं काळी पडलीत. पंजा ठेवला तर तिथून पुन्हा वर चढेल. मग कोपर जाईल. मग जीव."

"नाही," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "हाताला हात लावायचा नाही. तुम्हाला माहीत नाही, डॉक्टर. तो हात म्हणजे अख्खा कारखाना आहे. आई गेल्यावर त्या हातानं मला वाढवलंय तिनं. दुसरं औषध द्या. परदेशातून मागवा. तिला हे सांगूसुद्धा नका, तिला नाही सहन व्हायचं. मी सही देणार नाही."

"धाकट्या," पलंगावरून आवाज आला, घोगरा, पण चांगला खणखणीत. "माझ्या हाताचा सौदा आणि तोही माझ्याकडे पाठ करून? इकडं या दोघं."

दोघं आले. धाकटा रडत होता. पन्नाशीचा माणूस, पण नाक पुसायलासुद्धा विसरला होता.

"ताई, तू पडून राहा, मी बघतो."

"तू काय बघणार? रक्त बघितलं की खाली बसतोस." ती सर्जनबाईंकडे वळली. "कोपर वाचेल?"

"आत्ता गेलो तर वाचायला हवं. पक्कं वचन देत नाही."

"दिलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता. संध्याकाळपर्यंत थांबलो तर?"

"तर मी तुम्हाला हा प्रश्न खांद्याबद्दल विचारेन."

कटरबाईनं त्या पांढऱ्या गुंडाळ्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, हे सांगायलाच हवं. आयुष्यात कधी नव्हती इतकी घाबरली होती. नुसत्या अंगठ्यानं ती कातड्याची जाडी सांगायची, केसाच्या फरकानं. अंधारात सांगायची. तो अंगठा तिथं आत होता आणि काळा पडला होता. तिला वाटलं, ओरडावं, या बाईला हाकलून द्यावं, हात पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून झोपावं. असं केलं असतं तर कुणी तिला दोष दिला नसता.

"ऐक," ती धाकट्याला म्हणाली. "कातड्याला एका कोपऱ्यात कीड लागली की तू काय करतोस? कोपरा चांगला दिसतो म्हणून ठेवून देतोस, आणि महिन्यानं अख्खं कातडं फेकून देतोस. मी त्यावरून तुला किती वेळा शिव्या घातल्यात?"

"ते कातडं असतं, ताई!"

"आणि हे काय रेशीम आहे?"

तिनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, सुईसकट. "मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. फार वाटतंय. पण मी अजून संपलेली नाही, आणि माझ्या वतीनं रडत बसायचा परवाना मी तुला दिलेला नाही. कागद आणा."

परिचारिकेनं कागद आणला आणि सोबत शाईची डबी. "डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल, बाई. त्रास नको."

"मला लिहिता येतं," कटरबाई म्हणाली.

पेन डाव्या हातात धरायला दोन मिनिटं गेली. अक्षरं उडी मारल्यासारखी वरखाली झाली, एक तर ओळ सोडून खाली उतरलं. पण तिनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. सर्जनबाई घाईत होत्या, तरी थांबल्या.

"आता वाट कसली बघताय?" ती म्हणाली. "चला."

मनगटाच्या वर चार बोटांवरून हात कापला. कोपर राहिलं. त्यानंतर आणखी तीन वेळा तिला आत नेलं, दर वेळी थोडं थोडं खरवडलं, आणि शेवटच्या वेळी सगळीकडून लाल, चांगलं, ताजं रक्त आलं. मग मांडीची पातळ कातडी काढून हाताच्या उघड्या भागावर लावली. पट्टी सुटल्यावर कटरबाईनं ते नीट न्याहाळलं आणि जोड बरा जमलाय, कडा मात्र जाड ठेवल्यात, असा शेरा मारला. तरुण डॉक्टर रोज यायचा. आता तो कुणाचाही हात बघताना आधी विचारायचा, दुखतंय किती, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचा. इन्सुलिनची सुई ती डाव्या हातानं स्वतः टोचायला शिकली आणि एकही वेळ चुकवली नाही.

अडीच महिन्यांनी ती कारखान्यात गेली. धाकट्यानं दाराशी गादीची खुर्ची मांडून ठेवली होती. तिच्या टेबलावर दुसरा कटर उभा होता, शेजारच्या कारखान्यातून आणलेला, भला माणूस. सगळे उठून उभे राहिले. कुणी तिच्या बाहीकडे पाहत नव्हतं.

"ताई, तू इथं बस," धाकटा म्हणाला. "नुसतं लक्ष ठेव. तुझी नजर आहे तेवढी पुरे."

तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पाहुणी म्हणून बोलावलंस का मला?"

ती सरळ टेबलापाशी गेली. नव्या कटरनं रापी खाली ठेवली आणि न सांगता बाजूला झाला. तिनं ती डाव्या हातात घेतली, कातड्यावर टेकवली आणि ओढली. रापी आत रुतली आणि अडकली. रापीची धार एका अंगानंच उतरती असते, उजव्या हाताच्या माणसासाठी. डाव्या हातात ती उलटी पडते, कापत नाही, खणते. शिलाईवाल्यांनी माना खाली घातल्या. धाकटा पुढं आला, "ताई, राहू दे..."

"दगडावर ने," ती म्हणाली. "ही बाजू पूर्ण सपाट कर. उतार दुसऱ्या अंगाला घाल."

"अगं, पातं अर्धं झिजेल!"

"झिजू दे."

त्याला तासभर लागला. तेवढा वेळ ती उभीच राहिली. रापी आली तेव्हा तिनं धार नखावर पाहिली, टेबलावर काळं कातडं पसरलं, त्याच्या कडेला लोखंडी वजन ठेवलं आणि उजवी बाही कोपरापर्यंत वर केली. मांडीच्या कातडीचा तो सुरकुतलेला, डागाळलेला, आखूड हात सगळ्यांना दिसला. तिनं तोच कातड्यावर रोवला आणि अंगाचा भार टाकून दाबून धरलं. दुखलं. तिनं दुखू दिलं.

रापी कातड्यातून गेली. सरळ नाही; निम्म्यावर भरकटली, तिनं ओढून आणली, पुन्हा भरकटली. शेवटपर्यंत गेली. पिशवीचा तुकडा एका बाजूनं पोट सुटल्यासारखा झाला होता. चांगल्या कातड्याची नासाडी. चौतीस वर्षांत असा तुकडा दुसऱ्या कुणी कापला असता तर तिनं त्याला दाराबाहेर काढलं असतं.

मशीनं बंद होती. धाकटा तोंडावर हात ठेवून उभा होता.

कटरबाईनं तो तुकडा उचलला, उजेडात धरला, मन लावून पाहिला आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

"वाकडं गेलं," ती म्हणाली. "दुसरं आण."